जुनी फरशी, नवे यंत्र आणि न मांडलेला खर्च

दुकानाचे नूतनीकरण काढले की ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात नव्या फरशीसाठी अर्धे पान खर्ची पडते. फरशीचा आकार, रंग, चकाकी, प्रति चौरस फूट दर, बसवण्याची मजुरी, सांधे भरण्याचा खर्च असे सारे तपशील तेथे नोंदलेले असतात. त्याच कागदावर कोठेतरी एक त्रोटक ओळ असते : ‘जुनी फरशी काढणे व राडारोडा उचलणे’, आणि तिच्यापुढे एक ठोक रक्कम. नव्या फरशीचा दर दोन-दोन रुपयांनी कमी करून घेणारा चोखंदळ व्यापारीही या ओळीवर फारसा थांबत नाही. वस्तुतः काम रखडते ते बहुधा याच ओळीपाशी. शेजाऱ्यांच्या तक्रारी, मालावर बसणारी धूळ, खालच्या मजल्याच्या छताला गेलेली भेग, वाढत जाणारे दुकानबंदीचे दिवस आणि सर्वांत गंभीर म्हणजे कामगाराच्या छातीत साठणारी धूळ, हे सारे या एका ओळीत दडलेले असते.

गेल्या काही दशकांत फरशी काढण्यासाठी निरनिराळी यंत्रे निघाली आहेत. त्यांतील काही आपल्याकडे भाड्याने सर्रास मिळतात, तर काही प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील मोठ्या इमारतींत वापरली जातात. यंत्र आणले म्हणजे काम सुटले, असे मात्र होत नाही. कोणते यंत्र कोठे वापरावे आणि त्याच्यासोबत आणखी काय घ्यावे, हे समजून घेतल्यास पैसा वाचतो, वेळ वाचतो आणि परक्याच्या मुलाचे आरोग्यही वाचते.

फरशीपेक्षा तिची पकड महत्त्वाची

यंत्राची निवड करताना बहुतेक जण विचारतात, ‘फरशी कसली आहे?’ जाणकार मिस्त्री विचारतो, ‘ती कशावर बसवली आहे?’ दुसरा प्रश्न अधिक नेमका आहे, कारण यंत्राची झुंज फरशीशी नसून तिच्या खालच्या पकडीशी असते.

महाराष्ट्रातील जुन्या पेठांत तीन दगड हमखास आढळतात. कर्नाटकातील शहाबादची शहाबादी फरशी, आंध्र प्रदेशातील काळा कडप्पा आणि राजस्थानचा कोटा. हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. जुन्या वाड्यांत आणि वखारींत ते चुन्याच्या किंवा मातीच्या थरावर बसवलेले असत. अशी फरशी काढण्यासाठी यंत्राची गरजच नसते. सांधा मोकळा करून पहारीने उचलले की दगड अखंड निघतो आणि अंगणात, गोदामात किंवा शेतावरच्या खळ्यात पुन्हा वापरता येतो. तेथे ब्रेकर लावणे म्हणजे चांगल्या मालाचा चुरा करून वर त्याचे भाडे भरणे होय.

त्यानंतर सिमेंटच्या रंगीत नक्षीदार लाद्या आणि मोझेकचा काळ आला. स्वदेशी चळवळीच्या प्रेरणेने फिरोजशा सिधवा यांनी १९२२ मध्ये मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी सुरू केली. तिच्यासारख्या कारखान्यांच्या लाद्या आजही अनेक जुन्या इमारतींत शाबूत आहेत. या लाद्यांना आता जुन्या वस्तूंच्या बाजारात मागणी असते. त्या काढण्यापूर्वी, केवळ घासून आणि चकाकी देऊन त्या पूर्ववत होतात का, हे पाहणे हिताचे ठरते.

पुढे सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड फरशी आली. ती बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत वाळू-सिमेंटच्या दीड-दोन इंच जाड मालावर फरशी बसवतात. येथे पकड मध्यम असते आणि बऱ्याच ठिकाणी फरशी खालून पोकळ झालेली असते. नव्या पद्धतीत पॉलिमरयुक्त चिकट मसाला वापरतात. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १५४७७ या मानकात अशा मसाल्यांचे निरनिराळे प्रकार ठरवून दिले आहेत. उच्च प्रकारच्या मसाल्याची पकड इतकी घट्ट असते की फरशी सुटण्याआधी तिचेच तुकडे होतात. चौथा प्रकार शोरूम आणि कार्यालयांत दिसतो. गालिचा, विनाइल किंवा लाकडी पट्ट्या गोंदाने चिकटवलेल्या असतात आणि त्या निघाल्या तरी गोंदाचा थर जमिनीला चिकटून राहतो.

या चार पकडींपैकी आपल्याकडची कोणती, हे दर ठरवण्याआधीच कळू शकते. नाण्याने किंवा लाकडी दांडक्याने फरशी ठोकत गेल्यास पोकळ जागा आवाजावरून ओळखता येतात. कोपऱ्यातील एक फरशी ठेकेदाराकडून आधी उचलून घ्यावी आणि खालच्या थराची जाडी पट्टीने मोजावी. या अर्ध्या तासाच्या कामाने पुढचे बरेचसे वाद टळतात.

छिन्नीपासून बसून चालवायच्या यंत्रापर्यंत

छिन्नी आणि हातोडा हे मूळ हत्यार. विजेच्या हातोड्याने त्याची जागा घेण्यास सुरुवात केली ती विसाव्या शतकात. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९३२ मध्ये आपला विजेवरचा हातोडा बाजारात आणला. आजच्या ब्रेकरमध्ये विजेची मोटर एक दट्ट्या पुढे-मागे हलवते, त्याच्यापुढची हवा दाबली जाते आणि त्या हवेच्या धक्क्याने आतला घण छिन्नीच्या टोकावर आदळतो. छिन्नी फिरत नाही, ती केवळ ठोके देते. कारागिराच्या मनगटाचे बळ वाचते आणि ठोक्यांची गती कित्येक पटींनी वाढते.

ब्रेकर वजनाने ओळखले जातात. पाच किलोच्या आसपासचा हलका ब्रेकर रुंद पात्याच्या छिन्नीसह तिरपा धरला की फरशी मालापासून सोलून काढतो. दहा-अकरा किलोचा ब्रेकर खालच्या मालाचा थर फोडतो. त्याहून जड ब्रेकर काँक्रीट फोडण्यासाठी असतात. वरच्या मजल्यावर, विशेषतः जुन्या इमारतीत, जड ब्रेकर उभा धरून चालवला तर त्याचे हादरे स्लॅबमध्ये उतरतात आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छताचा गिलावा पडतो. लाकडी तुळयांच्या वाड्यात तर अभियंत्याला विचारल्याशिवाय ब्रेकर चालवूच नये. ब्रेकर चाकांच्या गाड्यावर ठरावीक कोनात बसवण्याचीही सोय आता मिळते. त्यामुळे कामगाराला कमरेत वाकावे लागत नाही आणि यंत्राचा भार व हादरा गाड्यावर जातो.

गोंदाने चिकटवलेल्या आवरणांसाठी मात्र ठोक्यांपेक्षा खरवडणे उपयोगी पडते. त्यासाठी मागून ढकलत चालवायचे खरवडयंत्र असते. त्याच्या पुढच्या बाजूस आडवे धारदार पाते असते आणि मोटर त्या पात्याला अतिशय वेगाने थोडेसे पुढे-मागे हलवते. यंत्राचे स्वतःचे वजन पात्याला जमिनीवर दाबून धरते. भाकरी तव्याला लागली की उलथन्याने ती सोडवताना हात जसा आडवा सरकतो, तसेच हे काम. पाते उभे धरले तर जमीन खरवडते, फार आडवे धरले तर गोंदावरून घसरते.

या यंत्राचे अर्धे कौशल्य पात्यात आहे. गालिचा किंवा विनाइल आधी धारदार सुरीने पात्याहून अरुंद अशा पट्ट्यांत कापून घ्यावे लागते. पकड जितकी घट्ट तितके पाते अरुंद घ्यावे, म्हणजे सगळा जोर थोड्या रुंदीवर येतो. बोथट पाते ही खरी उधळपट्टी होय. दोनशे रुपयांचे पाते वाचवण्यासाठी दिवसाची मजुरी जाते.

या कुळातील सर्वांत मोठे यंत्र म्हणजे चालकाने वर बसून चालवायचे. विमानतळ, रुग्णालये, मोठी विक्रीदालने अशा हजारो चौरस फुटांच्या जागांसाठी ते वापरतात. त्याचे वजन एक टनाहूनही अधिक असू शकते आणि तेच त्याचे बळ असते. ही यंत्रे बॅटरी, वीज, डिझेल किंवा प्रोपेन वायूवर चालतात. बंदिस्त जागेत इंधनाचे यंत्र चालवल्यास कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, म्हणून आतल्या कामाला बॅटरीचे यंत्र श्रेयस्कर ठरते. पाचशे चौरस फुटांच्या दुकानाला याची आवश्यकता नाही, आणि वरच्या मजल्यावर ते नेणे धोक्याचे आहे. एक टन वजन जेमतेम एक-दीड चौरस मीटर जागेवर येते. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार राहत्या खोल्यांचा वापरभार प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो आणि किरकोळ विक्रीच्या दुकानांचा सुमारे ४०० किलो धरून इमारतीचे गणित होते, हे ध्यानात घेतले म्हणजे धोका उघड होतो.

शेवटी जमिनीला चिकटून राहिलेला गोंद किंवा उंचवटे हिऱ्याच्या चकत्या लावलेल्या घासणी यंत्राने काढतात. सर्वांत बारीक आणि म्हणूनच सर्वांत घातक धूळ या टप्प्यावर निघते.

काढावी की तिच्यावरच बसवावी?

‘जुनी फरशी तशीच राहू द्या, तिच्यावर नवी चिकटवून देतो,’ हा सल्ला आता सर्रास मिळतो. तो नेहमीच चुकीचा नसतो. पण त्याचे गणित कागदावर मांडावे.

पाचशे चौरस फूट म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. जुना माल ५० मिलिमीटर आणि फरशी १० मिलिमीटर, असा ६० मिलिमीटरचा थर काढायचा झाल्यास सुमारे पावणेतीन घनमीटर राडारोडा निघतो. घनमीटरला दोन टन वजन धरले तर तो साडेपाच टन होतो. पंचवीस किलोची एक गोणी धरल्यास सुमारे २२० गोण्या. त्या जिन्यावरून खाली कोण नेणार, रस्त्यावर किती वेळ पडून राहणार आणि शेवटी कोठे जाणार, या प्रश्नांची उत्तरे त्या ठोक रकमेच्या ओळीत नसतात.

याउलट वरून फरशी बसवल्यास नवी फरशी आणि मसाला मिळून प्रति चौरस मीटर सुमारे ३० किलो, म्हणजे एकूण सुमारे एक टन चारशे किलो भार वाढतो. अभियंते फरशीसाठी साधारणतः प्रति चौरस मीटर १०० ते १५० किलो भार गृहीत धरतात. वरच्या उदाहरणातील जुन्या थराचेच वजन सुमारे १२० किलो आहे. त्यात ३० किलोंची भर पडली की मर्यादेची वरची कड गाठली जाते. तिसरा थर चढवला तर ती ओलांडली जाते. जोत्यावरच्या, म्हणजे थेट भरावावर बसलेल्या तळमजल्याला भाराची ही चिंता नसते. तेथे प्रश्न पातळीचा असतो. जमीन अर्ध्या इंचाहून अधिक उचलली जाते, मग दार घासते, शटरची फट बदलते आणि न्हाणीघराचे पाणी उंबऱ्याकडे वळते.

यावरून सोपा नियम निघतो. जुनी फरशी घट्ट असेल, एकच थर असेल आणि पातळीला जागा असेल, तर वरून बसवणे योग्य. पोकळ आवाज येत असेल, ओल असेल किंवा आधीच दोन थर असतील, तर काढणे अपरिहार्य. पोकळ फरशीवर बसवलेली नवी फरशी म्हणजे बुडीत कर्जावर दिलेले नवे कर्ज. ती आधीच्याला सावरत नाही, स्वतःही त्याच्यासोबत बुडते.

बिलात न दिसणारी धूळ

फरशी फुटताना उडणारी धूळ अंगावर, कपाटांवर आणि मालावर बसते, ती डोळ्यांना दिसते. जी दिसत नाही ती अधिक घातक असते. वाळू, सिमेंटचा माल, काँक्रीट, सिरॅमिक फरशी आणि ग्रॅनाइट या सर्वांत स्फटिकरूप सिलिका असते. संगमरवर आणि चुनखडीच्या दगडांत तिचे प्रमाण कमी असते, पण त्यांच्या खालच्या मालात वाळू असतेच. या सिलिकेचे काही मायक्रॉन आकाराचे कण नाकातील केसांना आणि घशाला चुकवून फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतात. मनुष्याच्या केसाची जाडी ढोबळमानाने सत्तर मायक्रॉन असते, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. तेथे ते विरघळत नाहीत. त्यांच्याभोवती व्रणासारखी जून ऊती तयार होते आणि फुप्फुस हळूहळू ताठर होत जाते. हाच सिलिकोसिस. यावर उतारा नाही, झालेली हानी भरून येत नाही. अशा रुग्णाला क्षयरोग होण्याचा धोकाही वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे जाणारी स्फटिकरूप सिलिका मनुष्याला कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले.

हे दुखणे नवे नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामगारांच्या रोगांवरील ग्रंथात पाथरवटांच्या छातीच्या विकारांची नोंद आहे. यंत्राने त्यात वेग आणला. छिन्नीने चार दिवसांत उडणारी धूळ ब्रेकर एका दुपारी उडवतो, आणि कामगाराचे तोंड त्या छिन्नीपासून हातभर अंतरावर असते.

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा प्रशासनाने २०१६ मध्ये नवा नियम करून आठ तासांच्या पाळीतील सरासरी मर्यादा हवेच्या प्रति घनमीटर ५० मायक्रोग्रॅम ठरवली. कष्टाचे काम करणारा माणूस एका पाळीत साधारण दहा घनमीटर हवा श्वासावाटे घेतो. म्हणजे दिवसाला अर्धा मिलिग्रॅम. मिठाचे आठ-दहा कण तळहातावर ठेवावेत, सुमारे तेवढेच वजन. ब्रेकरच्या धुळीने भरलेल्या, दार लावून घेतलेल्या दुकानात ही मर्यादा किती लवकर ओलांडली जात असेल, हे सांगण्यास यंत्राची गरज नाही. आणि तोंडाला बांधलेला रुमाल किंवा उपरणे ही धूळ अडवत नाही.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसला सूचना देणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत स्थान दिले. दगडखाणींच्या राजस्थानने २०१९ मध्ये या रोगाच्या पीडितांसाठी स्वतंत्र धोरण आणले. तथापि पेठेतील दुकानाची फरशी फोडणारे तीन-चार मजूर कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात. १९९६ चा बांधकाम कामगार कायदाही दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना समोर ठेवून केलेला होता. चार दिवसांच्या कामावर आलेला तरुण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दुकानात असतो आणि त्याला धाप लागू लागते ती कित्येक वर्षांनी, आपल्या गावी. तेव्हा तो कोणत्या दुकानाच्या धुळीने आजारी पडला, हे कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे त्याच्या आजाराची नोंद कोणाच्याच खतावणीत होत नाही.

दुसरा धोका अ‍ॅस्बेस्टॉसचा. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास नऊ इंची चौकोनी विनाइल-अ‍ॅस्बेस्टॉस फरशी आणि तिच्याखालचा काळा डांबरी गोंद यांचा मोठा प्रसार झाला. तेथील नियमानुसार १९८० पर्यंत बसवलेली विनाइल किंवा डांबरी फरशी, तपासणीने तसे नसल्याचे सिद्ध होईपर्यंत, अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त मानावी लागते. ती घासण्यास मनाई आहे, कोरडे झाडण्यासही मनाई आहे, आणि गोंद ओला करूनच खरवडावा लागतो. न्यू जर्सीसारख्या भागात जुनी घरे विकत घेणाऱ्या आपल्या आप्तांनी तळघरातील असली फरशी हौसेने स्वतः उखडू नये. भारतातही अशा फरशीसाठी आयएस ३४६१ हे मानक होते, म्हणून जुन्या कार्यालयांत व बँकांच्या इमारतींत ती नसेलच असे समजू नये. संशय आल्यास प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा. घट्ट आणि अखंड असलेली अशी फरशी न फोडता तिच्यावर नवे आवरण घालणे हाच पुष्कळदा शहाणपणाचा मार्ग असतो.

धूळ आवरण्याचा खर्च किती?

उपाय अवघड नाहीत. ब्रेकरच्या छिन्नीभोवती किंवा घासणी यंत्राभोवती आवरण बसवून त्याला औद्योगिक व्हॅक्यूम जोडता येतो. त्याला हेपा दर्जाची गाळणी असावी, कारण ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. घरगुती व्हॅक्यूम येथे निरुपयोगी आहे, तो बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो. पाण्याचा हलका फवारा मारता येतो, मात्र विजेच्या यंत्रासोबत पाणी असल्याने गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच अनिवार्य समजावा. कामगारांना किमान एन-९५ मुखपट्टी, डोळ्यांचे व कानांचे संरक्षण द्यावे. कोरड्या झाडूने राडारोडा लोटू नये. हाताला बसणाऱ्या हादऱ्यांमुळे बोटे पांढरी व बधिर होण्याचा विकार जडतो, म्हणून एकाच माणसाच्या हाती दिवसभर ब्रेकर देऊ नये, आळीपाळीने काम द्यावे.

आता हिशेब. पुढील आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे दर त्यात घालावेत. समजा, दुकानाचा रोजचा ढोबळ नफा ८,००० रुपये आहे. छिन्नी-हातोड्याने चार माणसे सहा दिवस लागली, रोज प्रत्येकी ८०० रुपये, तर मजुरी १९,२०० रुपये होते. सहा दिवसांच्या बंदीचे ४८,००० मिळवले की एकूण ६७,२०० रुपये. यंत्राने तीन माणसे तीन दिवस लागली, रोज प्रत्येकी १,००० रुपये, तर मजुरी ९,०००, ब्रेकर व व्हॅक्यूम यांचे भाडे रोज २,५०० प्रमाणे ७,५०० आणि बंदीचे २४,०००, असे एकूण ४०,५०० रुपये. राडारोड्याचा खर्च दोन्हीकडे सारखाच. यंत्रामुळे २६,७०० रुपये वाचले.

या भाड्यात व्हॅक्यूमचा वाटा रोजचा हजार रुपये, म्हणजे तीन दिवसांचे ३,००० रुपये धरू. यंत्राने जी बचत करून दिली तिचा जेमतेम नववा हिस्सा. ठेकेदार काटकसर म्हणून प्रथम हाच हिस्सा कापतो, कारण तो कापल्याने काम अडत नाही. दुकानदाराला त्याचा पत्ताही लागत नाही. खरे तर हा हिस्सा कापल्यावर दुकानदाराचाही तोटाच होतो. कपाटांत, एअर कंडिशनरमध्ये आणि कापडाच्या ठाणांत शिरलेली धूळ काढण्याचा खर्च पुढे वेगळ्या खात्यात पडतो.

फरशी, हार्डवेअर वा बांधकाम साहित्याच्या व्यवसायातील कुटुंबांना येथे एक जोडधंदाही आहे. समजा, गाडा, ब्रेकर आणि हेपा व्हॅक्यूम असा संच दीड लाखाला पडला. भाडे रोजचे २,५०० आणि पाती, गाळणी, दुरुस्ती यांचे रोजचे ७०० वजा जाता १,८०० रुपये हाती राहिले, तर ८४ दिवसांच्या भाड्यात भांडवल वसूल होते. महिन्याला सात दिवस यंत्र बाहेर गेले की एका वर्षात. मात्र गाळणी वेळेवर बदलण्याचे ७०० रुपये नफ्यात ओढले, तर यंत्र चालेल आणि त्याचा उद्देश मात्र संपेल.

कराचा एक मुद्दाही ध्यानात घ्यावा. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १७(५) नुसार स्थावर मालमत्तेच्या नूतनीकरणाचा किंवा दुरुस्तीचा खर्च जेवढा भांडवली म्हणून दाखवला जातो, तेवढ्यावरील कराची वजावट मिळत नाही. म्हणून फरशीचे काम चालू दुरुस्तीत मोडते की भांडवली खर्चात, हे बिल येण्याआधीच आपल्या सनदी लेखापालाशी बोलून ठरवावे.

करारात लिहून घ्यावयाच्या गोष्टी

ठोक रकमेच्या त्या एका ओळीऐवजी पुढील पाच गोष्टी लेखी घ्याव्यात. एक, चाचणीदाखल एक फरशी उचलून थराची जाडी आणि पकडीचा प्रकार नोंदवणे व दर त्यावर ठरवणे. दोन, ब्रेकरचे जास्तीत जास्त वजन, आणि वरच्या मजल्यावर काम असल्यास अभियंत्याची संमती. तीन, जमिनीखालील वीज व पाण्याच्या वाहिन्या दाखवून देण्याची आणि त्या बंद ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवणे. चार, हेपा व्हॅक्यूम आणि मुखपट्टी यांचा खर्च स्वतंत्र रकमेने दाखवणे, म्हणजे तो कापला गेल्यास लगेच कळेल. पाच, राडारोडा कोठे टाकला याची पावती. बांधकाम व पाडकाम कचऱ्यासाठी केंद्राचे २०१६ पासून स्वतंत्र नियम झाले आहेत आणि मुंबईसारख्या महापालिका मागणीवरून राडारोडा उचलण्याची सेवाही देतात. नाल्यात वा रस्त्याकडेला टाकलेल्या गोण्या अखेर ज्याच्या दुकानातून निघाल्या त्याच्याच नावावर येतात.

मुहूर्ताच्या दिवशी नव्या फरशीची चकाकी सगळे पाहतील. ती फरशी बसवण्यासाठी जुनी कोणी व कशी काढली, हे कोणी विचारणार नाही. ते विचारण्याचा अधिकार केवळ मालकाला असतो, आणि तोही काम सुरू होण्यापूर्वीच. पहिल्या दिवशी सकाळी दहा मिनिटे दुकानात उभे राहून व्हॅक्यूमची नळी छिन्नीला जोडलेली आहे का आणि ब्रेकर धरलेल्या मुलाच्या तोंडावर रुमाल आहे की मुखपट्टी, एवढे पाहून घ्यावे. मुखपट्टी नसेल, तर ती येईपर्यंत काम थांबवावे.